हजारो सर्व्हरांचे काम तीस मेनफ्रेमवर : डेटा सेंटरमधील वीजबचतीचा एक प्रयोग

कालबाह्य ठरविलेले यंत्र नव्या गरजेपोटी पुन्हा उपयोगात येण्याचे प्रसंग तंत्रज्ञानाच्या इतिहासात थोडेच आढळतात. १ ऑगस्ट २००७ रोजी आयबीएम या संगणक कंपनीने केलेली घोषणा हा त्यांपैकी एक. कंपनीच्या स्वतःच्या कामकाजासाठी चालणारे सुमारे ३,९०० सर्व्हर बंद करून त्यांचे काम लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सुमारे ३० मेनफ्रेम संगणकांवर हलविण्याचे तिने ठरविले. अमेरिकेतील पोकिप्सी, साउथबरी व बोल्डर, ब्रिटनमधील पोर्ट्समथ, जपानमधील ओसाका आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डेटा सेंटरचा या योजनेत समावेश होता. त्यामुळे त्या कामासाठी लागणारी वीज ८० टक्क्यांनी कमी होईल, असा कंपनीचा अंदाज होता.

अर्थात मेनफ्रेम बनविणारी कंपनीच मेनफ्रेमचे गुण सांगत होती, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्या दुखण्यावर हा उपाय सुचविला गेला, ते खरे होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेथील संसदेला एक अहवाल सादर केला. त्यानुसार २००६ मध्ये अमेरिकेतील सर्व्हर आणि डेटा सेंटर यांनी सुमारे ६१ अब्ज युनिट वीज वापरली होती. देशाच्या एकूण वीजवापराच्या दीड टक्का भरणाऱ्या या विजेची किंमत साडेचार अब्ज डॉलर होती. तोच वेग कायम राहिला, तर २०११ पर्यंत हा आकडा १०० अब्ज युनिटांच्या पुढे जाईल, असा इशाराही अहवालात होता.

इतकी वीज जाते कोठे? १९९० च्या दशकापासून साधे, स्वस्त सर्व्हर विपुल प्रमाणात मिळू लागले आणि कार्यालयांनी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र यंत्र घेण्याची पद्धत स्वीकारली. ई-मेलसाठी एक, पगारपत्रकासाठी दुसरे, चाचणीसाठी तिसरे. एका आज्ञावलीतील बिघाडाचा त्रास दुसरीला होऊ नये, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा होता. मात्र यांतील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच काळ जवळजवळ रिकामी राहत. सिग्नलपाशी उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन जसे पेट्रोल पीत राहते, तसाच रिकामा सर्व्हरही वीज खातो. गुगलमधील लुईस आंद्रे बारोसो व ऊर्स हॉल्झल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले, की त्यांच्या पाहणीतील सर्व्हर बहुतांश वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करीत असतात आणि चांगल्या प्रतीचा सर्व्हरही काही काम नसताना पूर्ण भाराच्या निम्मी वीज घेतो. शिवाय या विजेची उष्णता होते व ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रणेला पुन्हा वीज लागते. म्हणजे एक अनावश्यक सर्व्हर दोनदा बिल वाढवितो.

मेनफ्रेमची घडण मुळातच वेगळी आहे. १९६४ मध्ये आयबीएमची सिस्टिम/३६० ही मालिका बाजारात आली, तेव्हा संगणक इतका महाग होता, की त्याचा क्षणही वाया जाणे परवडणारे नव्हते. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे कंपनीच्या संशोधकांनी एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक निर्माण करण्याची युक्ती शोधली. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावे, की सारा संगणक आपल्याच ताब्यात आहे. १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांसाठी जाहीर झाली. २००० च्या सुमारास मेनफ्रेमवर लिनक्स चालू लागल्यावर साध्या सर्व्हरवरील कितीतरी कामे या आभासी संगणकांत हलविता येणे शक्य झाले.

महाराष्ट्रातील वाचकाला मेनफ्रेम अगदीच अपरिचित नसावा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वाय टू के’च्या धास्तीने परदेशी बँकांच्या जुन्या कोबॉल आज्ञावल्या तपासण्याचे जे मोठे काम भारतात आले, त्यावर मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांनी आपल्या नोकरीचा श्रीगणेशा केला होता.

एकत्रीकरणात बचत होते, ती प्रामुख्याने कामांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून. बँकेतील खिडक्यांवरील व्यवहार दिवसा चालतात, व्याजाची आकारणी व हिशेबांची जुळणी रात्री. वेगवेगळी यंत्रे ठेवली, तर प्रत्येक यंत्र आपापल्या सर्वाधिक गर्दीच्या मापाने घ्यावे लागते. सर्व कामे एकाच यंत्रावर आली, की एकाचा ओसरलेला भार दुसऱ्याच्या चढत्या भाराला जागा करून देतो. म्हणूनच मेनफ्रेम ८०-९० टक्के क्षमतेने दीर्घकाळ चालविता येतो.

प्रत्यक्ष स्थलांतर मात्र सोपे नसते. कोणत्या सर्व्हरवर काय चालते, याची नोंदच पुष्कळदा अपुरी असते. मेनफ्रेमचा प्रक्रियक निराळा असल्याने आज्ञावल्या त्यासाठी नव्याने संकलित कराव्या लागतात. विंडोजवर चालणाऱ्या आज्ञावल्या तेथे थेट चालत नाहीत. अखेर जुने यंत्र खरोखरच बंद करावे लागते, आणि नेमके येथेच घोडे अडते. सर्व्हर घेणारा विभाग एक आणि विजेचे बिल भरणारा दुसरा, अशी व्यवस्था अनेक संस्थांत असते. मग बटण दाबण्याची घाई कोणाला? जोनाथन कूमी व जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात तपासलेल्या सर्व्हरांपैकी सुमारे ३० टक्के सर्व्हरांनी सहा महिने किंवा अधिक काळ कोणतेही उपयुक्त काम केले नव्हते. ते फक्त चालू होते.

किंमत हाही मोठा अडसर आहे. मेनफ्रेमची खरेदी लहान संस्थांच्या आवाक्याबाहेरची, आणि तो घेतला की ग्राहक बव्हंशी एकाच कंपनीशी बांधला जातो. याउलट व्हीएमवेअरने २००१ मध्ये आणलेल्या ईएसएक्स सर्व्हरमुळे आभासी संगणकांची तीच कल्पना साध्या यंत्रांवर उतरली. बहुसंख्य कार्यालयांनी हाच मार्ग पत्करला. मोठ्या बँका व विमा कंपन्या यांच्याकडे मेनफ्रेम आधीपासूनच होता. त्यांना त्यावर आणखी कामे चढविणे फायद्याचे ठरू शकत होते. अनेक आज्ञावल्यांचे परवाना शुल्क प्रक्रियकांच्या संख्येवर ठरत असल्याने कित्येकदा विजेपेक्षा तेथील बचत मोठी असते.

२००७ चा इशारा जसाच्या तसा खरा ठरला नाही. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २०१६ च्या अहवालानुसार अमेरिकेतील डेटा सेंटरचा २०१४ मधील वीजवापर सुमारे ७० अब्ज युनिट होता. सर्व्हरांचा अधिक भरीव वापर, सुधारलेले वातानुकूलन आणि छोट्या केंद्रांकडून अतिविशाल केंद्रांकडे गेलेले काम, ही त्याची प्रमुख कारणे होती. मेनफ्रेमचा वाटा त्यात मर्यादित असला, तरी विखुरलेली कामे एकत्र आणण्याचे तत्त्व तेच होते.

त्याच प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अहवालात २०२३ चा आकडा १७६ अब्ज युनिटांवर, म्हणजे देशाच्या वीजवापराच्या ४.४ टक्क्यांवर पोहोचला आहे. या वाढीमागे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या यंत्रांचा वाटा मोठा आहे. ही यंत्रे पगारपत्रकाच्या सर्व्हरसारखी रिकामी बसून राहत नाहीत. मोठ्या प्रारूपांना शिकविण्याचे काम दिवसरात्र जवळजवळ पूर्ण भाराने चालते. एकाच्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचे काम उरकण्याची युक्ती तेथे फारशी उपयोगी पडत नाही.