आयुका संकुल, पुणे
आयुका संकुल : पुणे विद्यापीठाच्या आवारातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राची, अवकाशसंकल्पनांवर बेतलेली वास्तू. वास्तुकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५).

केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले. संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (→ नारळीकर, जयंत विष्णु). २८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते लोकार्पण झाले.

भिंतींत तळाशी स्थानिक काळा बेसॉल्ट, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि माथ्याला चकचकीत काळा ग्रॅनाइट आहे. काळेपणा वर चढत जातो, पण सर्वांत वरच्या थरात आकाश व ढग प्रतिबिंबित होतात. घुमटातील छिद्रे पायाभरणीच्या वेळच्या तारकास्थितीनुसार पाडलेली आहेत. मध्यवर्ती पायऱ्यांचे कुंड उघडे असून तेथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मेच्या मध्यास व जुलैअखेरीस मध्यान्ही सूर्य डोक्यावर आला की पुण्यात उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच राहते (→ शून्य सावली). आवारातील फूको लंबकाचे दोलनप्रतल पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ७५ तासांत एक फेरा पुरा करते (→ फूको लंबक).

उघड्या आकाशाखालील जागा हे कोरियांच्या रचनांचे कायमचे सूत्र. जयपूरच्या जवाहर कला केंद्रातही त्यांनी नवग्रहांची संकल्पना वापरली आहे.