धूळपाटी ते पडदा : वऱ्हाडातील प्राथमिक शाळेची साधने आणि नवा शिक्षक

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास मुख्यतः शाळांची वाढ, शिक्षणविषयक कायदे आणि संस्थापकांची चरित्रे यांच्या आधारे सांगितला जातो. शिक्षकाने वर्गात नेमके काय हाताळले आणि ते हाताळायला तो कोणाकडून व कसा शिकला, हा प्रश्न त्या मांडणीत मागे पडतो. वास्तविक धूळपाटी, दगडी पाटी, फळा, टकळी, रेडिओ, दूरचित्रवाणी संच, संगणक आणि भिंतीवरचा पडदा ही सगळी आपापल्या काळातली नवी तंत्रसाधनेच होती आणि त्यांतील प्रत्येकाने नवख्या शिक्षकाला एकच कोडे घातले, की हे शिकवण्यात मुरवायचे कसे. या प्रवासात असे दिसते की, जे साधन मुलाच्या स्वतःच्या हाती पडले आणि बिघडल्यास गावातच सावरता आले, ते सहसा पिढ्यानपिढ्या टिकले. शिक्षकाला ते वापरण्याचे शिक्षण मात्र बहुतेक वेळा साधन येऊन गेल्यावर आणि तेही तुटपुंजे मिळाले.

इंग्रजी अंमलापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा चालत. पंतोजी म्हणजे पालकांकडून मिळणाऱ्या धान्यावर, शिध्यावर किंवा थोड्याफार रोख रकमेवर गुजराण करणारा खासगी शिक्षक. देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत भरणाऱ्या या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर अक्षर गिरवी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, फळी हलवून ते मोडायचे आणि पुन्हा काढायचे, अशी ही रीत होती. अक्षर वळल्यावर बोरू, शाई, कागद आणि मोडी लिपी यांची पाळी येई, तर पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले जात, कारण बाजारपेठेतल्या हिशेबाला तेच लागत. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, ही या शाळांची दुसरी रीत होती. या दोन्ही गोष्टींचा प्रभाव पार इंग्लंडपर्यंत पोहोचला. मद्रास येथील अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी वाळूत अक्षरे गिरवणारी देशी मुले पाहून ती पद्धत आपल्या शाळेत आणली आणि 1797 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत वाळूची तबके आणि विद्यार्थ्यांकरवी अध्यापन यांचा मोठा प्रसार झाला. भारतीय खेड्यातली शाळा नवी साधने केवळ घेत आली, असे मानणाऱ्यांनी हा व्यवहार ध्यानात ठेवला पाहिजे.

1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढच्या दशकात सरकारी शिक्षणखात्याची घडी बसू लागली. याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला अपूर्व भाव मिळाला आणि 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत जाऊन भिडला. कापूस ज्या मार्गाने मुंबईकडे जाई, त्याच मार्गाने छापील क्रमिक पुस्तके, नकाशे आणि लाकडी चौकटीच्या दगडी पाट्या आत येणे सोपे झाले. पाटीने वर्गाची रचनाच पालटली. पंतोजीच्या शाळेत प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे सरके. खात्याच्या शाळेत मात्र फळ्यावर एक शब्द लिहायचा, सगळ्यांनी तो पाटीवर उतरवायचा आणि एका इशाऱ्यासरशी सगळ्या पाट्या उंचावून दाखवायच्या, असे सामुदायिक अध्यापन सुरू झाले. हे कसब वंशपरंपरेने मिळणारे नव्हते. त्यासाठी नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आवश्यक ठरली. तेथे उमेदवाराने आधी पाठाचे टाचण लिहायचे, मग खऱ्या वर्गासमोर नमुना पाठ घ्यायचा आणि मागे बसलेल्या अध्यापकाचे व सोबत्यांचे अभिप्राय ऐकायचे, ही पद्धत रुजली. डी. एड. अभ्यासक्रमातील पाठनिरीक्षण हे तिचेच पुढचे रूप होय.

तरीही पाटीला निव्वळ प्रगतीचे साधन म्हणता येत नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलाची पाटी हातात घेऊन तपासण्यास अनेक शाळांतील शिक्षक तयार नसत. मुलाने ती जमिनीवर ठेवून दूर सरकायचे आणि शिक्षकाने लांबूनच चूक सांगायची, अशी नामुष्की त्या मुलांच्या वाट्याला आली. जे साधन चूक पुसून पुन्हा लिहिण्याची मुभा देते, तेच या मुलांपुरते त्यांच्या जन्माची आठवण करून देणारे ठरावे, हा वर्गाच्या इतिहासातील अतिशय क्लेशदायक भाग आहे. दुसरी वेदना पाटीवरच्या लेखणीची. देशभर पुरवल्या जाणाऱ्या लेखण्यांचे एक प्रमुख केंद्र मध्य प्रदेशातील मंदसौर होते आणि तेथे दगड कापताना उडणारी धूळ श्वासात गेल्याने असंख्य कामगारांना सिलिकोसिस जडला. सिलिकोसिस म्हणजे दगडाच्या सूक्ष्म कणांमुळे फुप्फुसे निकामी करणारा व्याधी. साक्षरतेची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब शाळेच्या नोंदवहीत कधीच नव्हता.

फळ्याची निगा मात्र गावाच्या आवाक्यातली होती. खेड्यातील शाळांत शनिवारी किंवा सुटीच्या आदल्या दिवशी मुले जुन्या सेलमधला कोळसा कुटून, पाल्याच्या रसात कालवून त्याचे लेपण फळ्याला देत. ते वाळले की खडू पुन्हा ठसठशीत उठे. शिक्षकाने खडू कसा धरावा, लिहिताना वर्गाकडे पाठ किती वेळ करावी, मागच्या ओळीतल्या मुलाला अक्षर किती मोठे लागते, या गोष्टी तो शाळेतल्या जुन्या गुरुजींकडे पाहून काही महिन्यांत शिकत असे. वऱ्हाडातील साधनांच्या सगळ्या इतिहासात शिकवणारे आणि दुरुस्त करणारे असे दोन्ही हात गावातच असण्याचा योग पुन्हा फारसा आला नाही.

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेल्यानंतर 1920 च्या मध्य प्रांत प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना आपल्या क्षेत्रात शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. 1928 मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याबरोबरच बहुजनांच्या शिक्षणाचा आग्रह धरला; 1930 मध्ये ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले आणि 1932 मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. शेतकऱ्याच्या घरातून आलेला, स्वतः पाटीवर शिकलेला तरुण शिक्षक होऊन त्याच गावांत परतू लागला, हा या काळातला सर्वांत मोठा बदल होता.

या शिक्षकासमोर पुढचे साधन आले ते टकळीचे, आणि ते वऱ्हाडच्या मातीला जवळचे होते. ऑक्टोबर 1937 मध्ये शेजारच्या वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाचा, म्हणजे एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफणाऱ्या शिक्षणाचा, आराखडा तयार केला. त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगाला दिली होती. सूतकताई हा उद्योग घेतला, तर कापसाची जात, जमीन आणि पाऊस यांतून भूगोल, पेळूच्या वजनातून व सुताच्या तारा मोजण्यातून गणित, कापडाच्या व्यापारातून इतिहास शिकवायचा होता. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची कातण्यासाठी वळलेली वात; ती एका हातात धरून दुसऱ्या हाताने टकळीला पीळ देताना धागा तुटला, तर तो का तुटला हे मुलाने स्वतः शोधायचे, यात त्या पद्धतीचे मर्म होते. एप्रिल 1938 मध्ये वर्धा येथे प्रांत सरकारच्या विद्यामंदिर योजनेचे, म्हणजे खेड्यांत अशा शाळा काढण्याच्या योजनेचे, प्रशिक्षण विद्यालयही सुरू झाले. एवढ्या मोठ्या कल्पनेसाठी शिक्षकांना मिळणारा प्रशिक्षणकाळ मात्र अपुराच होता. कातणे त्यांना लवकर आले. कातण्यातून गणित काढणे ही वेगळी आणि अवघड विद्या होती आणि ती हाती न आलेल्या शाळांत टकळी हा वेळापत्रकातला केवळ आणखी एक तास होऊन बसला. गिरण्यांच्या आणि सरकी काढणाऱ्या जिनांच्या या प्रदेशात, जिथे प्रत्येक मुलाच्या घरात कापूस होता, तिथे हा प्रयोग कोमेजावा, ही वऱ्हाडच्या शैक्षणिक इतिहासातील मोठी हानी मानली पाहिजे. पुढे कोठारी आयोगाने (1964–66) सुचवलेल्या कार्यानुभव या विषयाच्या रूपात त्याचा काही अंश उरला.

1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम सुरू झाली; प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि नकाशे, पृथ्वीगोल, गणित व विज्ञानाच्या पेट्या अशी किमान सामग्री असावी, हा तिचा हेतू होता. नव्या शिक्षकाच्या दृष्टीने या सामग्रीची खरी सुरुवात होई ती जडवस्तू संग्रह नोंदवहीपासून. या नोंदवहीत शाळेची प्रत्येक टिकाऊ वस्तू क्रमांकानिशी लिहिलेली असते, मुख्याध्यापक बदलला की ती मोजून ताब्यात घ्यावी लागते आणि वस्तू फुटली वा हरवली तर जाब द्यावा लागतो. भिंगाची काच मुलाच्या हातून फुटू नये, म्हणून पेटी कपाटातच राहणे हा या व्यवस्थेचा अटळ परिणाम होता. शिक्षकांच्या अनास्थेला दोष देण्याआधी ही नोंदवही वाचणे न्यायाचे ठरेल.

दृकश्राव्य साधनांची कथा त्यामानाने लहान आहे. नागपूर आकाशवाणी 1948 पासून सुरू होती आणि शालेय प्रसारण हा आकाशवाणीच्या कार्यक्रमांचा जुना भाग होता. 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती तयार होऊन दूरदर्शनवर दिसू लागल्या. ती 2017 मध्ये बंद करण्यात आली. चांगले कार्यक्रम बनूनही त्यांची वेळ, शाळेचे वेळापत्रक आणि गावातील वीज या तिघांचा मेळ क्वचितच बसे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, 1986 च्या धोरणानंतर स्थापन होऊ लागल्या आणि त्यांच्या रचनेत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग होता, ही दूरदृष्टी मान्य करायला हवी.

संगणकाचा शिरकाव नव्या शतकात झाला. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीत आवश्यक होत गेले आणि शिक्षक तालुक्याच्या केंद्रांत बसून माउस धरायला शिकले. तेथे पत्र टंकित करणे आणि तक्ता बनवणे शिकवले जाई. चौथीच्या मुलाला भागाकार समजावताना संगणक कसा वापरावा, हे त्या अभ्यासक्रमाचे उद्दिष्टच नव्हते. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर झाल्यावर लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहण्याची लाट आली आणि गावकऱ्यांनी प्रोजेक्टर, टॅब्लेट व मोठे टीव्ही घेऊन दिले. या वेळी शिक्षक प्रामुख्याने एकमेकांकडून शिकले, दरमहा भरणाऱ्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत आणि मोबाइलवरील गटांत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा जो प्रयोग केला, तो राज्याने उचलला आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एका जिल्हा परिषद शिक्षकाच्या टेबलावरून साधन वर गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

अमरावती जिल्ह्यात याच सुमारास मेळघाटातील हरिसाल हे डिजिटल गाव म्हणून पुढे आले आणि तेथील शाळेतही आधुनिक साधने पोहोचली. मेळघाटातील बहुसंख्य मुलांची घरची भाषा कोरकू आहे, जी मुंडा कुळातली असून मराठीशी तिचे नाते नाही. मराठी आवाजातला धडा पडद्यावर कितीही सुबक दिसला, तरी पहिलीतल्या कोरकू मुलाला तो परकाच राहतो. तेथे नव्या शिक्षकाला संच चालू करण्याआधी कोरकूतली नावे, नाती आणि आज्ञार्थ शिकावे लागतात आणि मुलांच्या आवाजात त्यांचीच गोष्ट ध्वनिमुद्रित करून ऐकवणे हा मोबाइलचा तिथला सर्वांत फलदायी उपयोग ठरू शकतो.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा या साऱ्याची कसोटी लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास मोबाइलवर जाऊ लागला आणि जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका लागली. शेतमजुरी करणाऱ्या घरात फोन असला तरी तो बहुधा एकच, आणि दिवसभर तो घरातल्या मोठ्या माणसाबरोबर कामावर. म्हणून अनेक शिक्षकांनी पारावर, समाजमंदिरात, झाडाखाली लहान गट बसवले.

त्यानंतर नेमणूक झालेला तरुण शिक्षक मोबाइल हाताळण्यात तरबेज असतो, परंतु पहिली तीन वर्षे तो शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरचा परिवीक्षाधीन शिक्षक असतो. प्राथमिक स्तरावर हे मानधन 2023 मध्ये 6000 रुपयांवरून 16000 रुपये झाले. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळत एका गटाला पडद्यावर धडा लावून देणे आणि त्याच वेळी दुसऱ्या गटाजवळ बसून त्यांचे वाचन ऐकणे, हे कौशल्य त्याला कोणत्याही प्रमाणपत्रात मिळालेले नसते. ते शिकवू शकणारे अनुभवी सहकारी अमरावती-अकोल्याच्या शाळांत आहेत. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गात मागे बसून पाहण्यासाठी आणि नंतर त्यांच्यासमोर स्वतः पाठ घेण्यासाठी ठरावीक दिवस मोकळे मिळावेत, एवढी तरतूद जिल्हा परिषदेच्या आणि डाएटच्या अधिकारात बसते, आणि तिचा खर्च एका टीव्ही संचाहून अधिक होणार नाही.