बडोद्याचा सयाजीराव, इंग्लंडच्या मैदानात

रास अल खोरला राहता ना? मग मेदान जवळच. तिथे तीन वर्षांच्या घोड्यांची यूएई डर्बी होते. मुलं विचारतात, "यात आपलं काय?" त्यांना ही गोष्ट सांगा.

1945 साली बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांनी इंग्लंडमध्ये एक शिंगरू घेतलं, 28,000 गिनींना. तेव्हाच्या दराने सुमारे 3 लाख 92 हजार रुपये! तिथला तो उच्चांक होता. नाव ठेवलं आजोबांचं, सयाजीराव. सप्टेंबर 1947, स्वातंत्र्याला महिनाही झाला नव्हता, आणि डॉनकास्टरला हा घोडा सेंट लेजर जिंकला. 1776 पासूनची ही शर्यत, तीन वर्षांच्या घोड्यांची, जवळपास 2900 मीटर. जिंकला तो जेमतेम डोक्याएवढ्या फरकाने!

अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण मी पडले सीए, खर्चाची बाजू बघितल्याशिवाय राहवत नाही. ज्या आजोबांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यांच्याच खजिन्यातून नातवाने उचललेल्या रकमांचं पुढे ऑडिट झालं. 1949 ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. 1951 ला सरकारने प्रतापसिंहरावांना गादीवरून दूर केलं.

घोड्याचं नाव मात्र टिकलं. 1964 ची सेंट लेजर जिंकणारा इंडियाना हा त्याचाच मुलगा.