पॅनेलघर आणि चिरेबंदी घर (देवरूख परिसर)

कारखान्यात तयार झालेले उष्णतारोधक तक्ते जागेवर आणून, लोखंडी सांगाड्यावर जोडून उभारलेले घर म्हणजे पॅनेलघर. दोन पातळ रंगीत पत्रे आणि त्यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा कडक फेस अशी या तक्त्याची रचना असते. बाजारात त्याला पफ पॅनेल म्हणतात. पॉलियुरेथेनचे रसायन ऑटो बायर यांनी 1937 साली जर्मनीत लेव्हरकूझेन येथे शोधले. शीतगृहांच्या भिंतींत रुळलेला हा तक्ता आता फार्महाउस, साइट ऑफिस आणि होमस्टेच्या रूपाने कोकणातही दिसतो.

संगमेश्वर तालुक्याचे ठाणे असलेल्या देवरुखात त्याची गाठ जांभ्याशी पडते. उष्ण, दमट हवेत खडकाची झीज होऊन सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. त्यांचाच हा तांबडा, सच्छिद्र दगड झाला. खाणीतून ताजा निघालेला चिरा तासायला सोपा असतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. त्याला भट्टी लागत नाही. भारतीय मानक 3620 नुसार चिऱ्याची दाबशक्ती प्रतिचौरस मिलिमीटर किमान 3.5 न्यूटन असावी लागते. एकमजली घराला ती पुरेशी आहे.

चिरेबंदी घराचा खरा शत्रू पाऊस. तालुक्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाऱ्याबरोबर येणारी झड भिंतीवर आडवी आदळते. उघडा चिरा ते पाणी शोषून घेतो. म्हणून जुन्या घरांना उंच जोते, खाली उतरलेली वळचण आणि चहूबाजूंनी पडवी असे. पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडत. नव्या बंगल्यांनी पडवी गाळली, सपाट स्लॅब घातला, आणि श्रावणात आतल्या गिलाव्यावर बुरशी धरू लागली. तो दोष चिऱ्याच्या माथी मारला जातो, पण चूक आराखड्याची आहे.

उष्णतेच्या बाबतीत पॅनेल निर्विवाद सरस आहे. 50 मिलिमीटर जाडीचा पफ तक्ता 9 इंची चिऱ्याच्या भिंतीपेक्षा उष्णता सुमारे दहापट अडवतो. पण हा गुण दारे-खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन चालवणाऱ्या घरात फळतो. कोकणी घर वारा खेळता ठेवून थंड राहते. बंद पॅनेलघरात स्वयंपाक, ओले कपडे, माणसांचा श्वास यांची वाफ कोंडते. फेसाला आग लागली तर विषारी धूर होतो, म्हणून चुलीची खोली वेगळीच हवी.

वजनातला फरक थक्क करणारा आहे. तक्त्याची भिंत चौरस मीटरला 10 किलोच्या आसपास भरते, तर चिऱ्याची 400 किलोच्या वर. सह्याद्रीपलीकडच्या कोयनानगरला 11 डिसेंबर 1967 रोजी झालेला भूकंप आणि 1993 च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंतींखाली गेलेले हजारो जीव आठवले की हलक्या भिंतीचे मोल कळते. चिऱ्याचे घर बांधताना जोत्यावर, लिंटलला आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे घालण्यात हयगय करू नये, ते याचसाठी. वाऱ्यापुढे मात्र हलकेपणा उलटतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली आणि मंडणगड तालुक्यांत असंख्य छपरे उडाली. पॅनेलघराचा सांगाडा जोत्यात किती खोल बोल्ट केला आहे, हे रंगाआधी पाहावे.

बांधणीच्या वेगाचा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्याने दुःखातून अनुभवला आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री शेजारच्या चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. वाचलेल्या कुटुंबांना पत्र्याच्या कंटेनरमध्ये हलवले गेले. पुढे अलोरे येथे पक्की घरे झाली. भर पावसात डोक्यावर तातडीने छप्पर देण्याची ताकद तयार बांधणीत आहे, हे खरेच. पण तात्पुरता निवारा पावसाळ्यामागून पावसाळे वापरात राहणे हा त्या कुटुंबांवरचा अन्याय होता आणि तो पुन्हा कुठे होता कामा नये.

चिऱ्याचीही किंमत आहे. खाणी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आयताकृती खड्डे सोडतात. चराईचे रान आणि पाणी मुरण्याची जागा जाते. याच जांभ्याच्या सड्यांवर रत्नागिरी जिल्ह्यातली प्राचीन कातळशिल्पे आहेत, आणि कोकणातील कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. सडा खणण्याआधी तो पाहून घेणे बंधनकारकच हवे.

मधला मार्ग छपरात सापडतो. वानरे कौले फोडतात म्हणून अनेकांनी पत्रे घातले. मग उन्हाळ्यात घर तापते आणि पावसात बोलणे ऐकू येत नाही. चिऱ्याच्या भिंतींवर उतरते पफ छप्पर, त्याखाली झरोके आणि रुंद वळचण ठेवली तर दोन्ही त्रास कमी होतात. तक्त्याची कापलेली कड मात्र पत्र्याच्या पट्टीने बंद करावी लागते. नाहीतर तिथूनच पाणी शिरते आणि गंज धरतो. फुटके कौल घरचा माणूस तासाभरात बदलतो, तर चेपलेला तक्ता काढताना शेजारचाही सैल करावा लागतो. त्यामुळे बांधतानाच एक-दोन जादा तक्ते आणि रबरी वायसरचे स्क्रू माळ्यावर ठेवून द्यावेत.