ठिपक्यांचे ठळक अक्षर

लोकमान्य टिळक १८५६ साली याच रत्नागिरीत जन्मले, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण 'केसरी'च्या छापखान्यातले खिळे कमी कसे करावेत यासाठी त्यांनी डोके शिणवले, हे फारसे कोणी सांगत नाही. काने, वेलांट्या, जोडाक्षरे धरून मराठी जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांचे खण असत. हात तेवढा लांब फिरे आणि मजुरी मात्र तेवढीच! पुढे १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी रत्नागिरीतूनच लिपिशुद्धीचा आग्रह धरला. 'इ'ऐवजी 'अि' लिहा म्हणाले. यंत्र परक्या अक्षराच्या मापाने यावे आणि आपल्या अक्षराने अंग चोरावे, ही गोष्ट अशी जुनी आहे.

संगणक आला तेव्हा शिशाचा खिळा गेला आणि ठिपका आला. दोसुतीवर टाके मोजून 'सुस्वागतम्' भरतात ना, तशीच ही रीत. चौकटी मोजायच्या, काही भरायच्या, काही रिकाम्या ठेवायच्या. इंग्रजी मोठे अक्षर ५ ठिपके रुंद, ७ ठिपके उंच एवढ्या जागेत सुखाने बसते. आपल्याला शिरोरेघ हवी, तिच्यावर मात्रा नि अनुस्वार, खाली उकार. सातात हे कसे मावणार? म्हणून देवनागरीच्या दिव्यांच्या पाट्या बहुधा १६ ओळींच्या असतात. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. त्यांचे 'जिस्ट' कार्ड बसवले की इंग्रजी बेताच्या संगणकावरही मराठी उमटू लागे.

लांबून वाचता यावे म्हणून रेघ दोन ठिपके जाड करतात. खरी अडचण इथेच येते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यात शिरोरेघेतल्या एका फटीचाच काय तो मोठा फरक; गाठी नि वळणे ठिपक्यांत आधीच बुजलेली असतात. रेघ जाड झाली की फटही मिटते. हल्लीची तरुण मुले हौसेने अशी चौकोनी अक्षरे भित्तिपत्रकांवर, सदऱ्यांवर काढतात. मथळ्याला ती झोकदार दिसतात, मलाही आवडतात. मात्र सलग मजकूर त्यांत छापू नये.

आमच्या एका कारखान्यात पगारचिठ्ठी इंग्रजीत निघे. कापले किती, दिले किती, कामगाराला कळेना. युनियनने वर्षभर भांडून ती मराठीत करून घेतली. पहिली चिठ्ठी हाती आली, तीवर ठळक अक्षरांत छापले होते, 'महागाई मत्ता'! एक म्हातारा फिटर म्हणाला, "चला, महागाईची मत्ता तरी आपल्या नावावर लागली." मॅनेजर हसले, पण दुरुस्तीला तयार होईनात, म्हणे, अर्थ कळतोच आहे. आम्ही चौकटीच्या वहीत 'भ' काढून नेला, फट दोन ठिपक्यांची केली. तिसऱ्या महिन्यात भत्ता भत्त्यासारखा दिसू लागला. त्या जागेसाठी शेजारचा 'त्ता' थोडा आखूड करावा लागला.