कित्ता, बोरू आणि खुशनवीस : मुंबईच्या कातिबांची परंपरा

१. ‘कित्ता गिरवणे’ हा शब्दप्रयोग मराठी माणूस सहज करतो. यातील ‘कित्ता’ मूळच्या अरबी ‘कितआ’पासून आला. कितआ म्हणजे तुकडा. सुलेखनाच्या परिभाषेत, उस्तादाने लिहिलेला अक्षरांचा सुटा नमुना. शिष्याने तो समोर ठेवून अक्षर घोटायचे. दौत अरबीतून आली, शाई आणि कागद फारसीतून. चिटणीस, फडणीस, पारसनीस या आडनावांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, अर्थात लिहिणारा. सुंदर लिहिणारा तो ‘खुशनवीस’. हा धागा त्या खुशनवीसांचा.

२. इस्लामी सुलेखनाच्या शास्त्राला प्रमाणबद्ध रूप दिल्याचे श्रेय बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू इ.स. ९४०) याला दिले जाते. मोजमापाचे साधन म्हणजे खुद्द लेखणी. बोरूचे टोक तिरपे छाटायचे आणि ते कागदावर टेकवून चौकोनी ठिपका उमटवायचा. प्रत्येक अक्षराची उंची, रुंदी आणि वळण या ठिपक्यांत मोजले जाते. नस्तालीक लिपीतला ‘अलिफ’ साधारण तीन ठिपक्यांचा. बोरू बदलला की ठिपका बदलतो. प्रमाण तेच राहते.

३. चौदाव्या शतकात इराणात नस्तालीक आकाराला आली आणि तिचे श्रेय परंपरेने मीर अली तबरीझी याला मिळाले. दख्खनेत तिला राजाश्रय लाभला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५८०–१६२७) आपल्या ‘किताब-ए-नौरस’ची प्रत लिहिणाऱ्या खलीलुल्लाह या सुलेखनकाराला ‘पादशाह-ए-कलम’ हा किताब दिला. सुलतानाने लेखणीच्या धन्यालाही बादशहा म्हटले!

४. शिक्षणाची रीत मात्र दरबारी थाटाची नव्हती. लाकडी तख्तीवर मुलतानी मातीचा लेप द्यायचा, ती वाळवायची, लिहायचे, धुवायचे आणि पुन्हा लेप द्यायचा. आपल्याकडच्या धूळपाटीचीच ही बहीण. आधी सुटी अक्षरे (मुफरदात), मग जोडाक्षरे (मुरक्कबात), मग ओळ. उस्ताद शिष्याच्या अक्षरावरच दुरुस्ती करी. तिला ‘इस्लाह’ म्हणत. ऑटोमन परंपरेत उस्तादाची ‘इजाजत’ मिळाल्यावरच शिष्याने आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव घालावे, असा दंडक होता.

५. मुंबईत या अक्षरविद्येची एक देखणी खूण क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीशी निगडित आहे. ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. तिचा कालश्लेष ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकीचे जहाज. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. ‘जहाज’ची बेरीज १६, ‘आखिरत’ची १२०१, एकूण १२१७. हिजरी १२१७ म्हणजे इ.स. १८०२ च्या सुमाराचे साल. पाण्यावरच्या वास्तूला जहाज म्हणायचे आणि त्या नावातच वर्ष दडवायचे!

६. पुढे आला शिळाछाप. १७९६ मध्ये बव्हेरियात झेनेफेल्डर याने शोधलेले हे तंत्र १८२० च्या दशकात मुंबईत पोहोचले. तत्त्व सोपे होते : तेल आणि पाणी मिसळत नाही. खळ लावलेल्या कागदावर तेलकट शाईने लिहायचे, ते दगडावर उलटे उतरवायचे, दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. शाई अक्षरालाच चिकटते. म्हणजे छापले जाते ते थेट हाताचे अक्षर.

७. या दगडाने मराठीलाही हात दिला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि १८४१ मध्ये मराठी पंचांग छापले. त्याच शतकात मुंबई हे फारसी, अरबी आणि उर्दू शिळाछाप ग्रंथांचे मोठे केंद्र बनले. इथले ग्रंथ जहाजांतून इराण आणि आखातापर्यंत जात. त्यामागे कातिबाचा बोरू होता.

८. मग दोन्ही लिप्यांच्या वाटा फुटल्या. नागरीचे अक्षर सुटे; ते शिशाच्या खिळ्यांत ओतता आले. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप याच मुंबईत नावारूपाला आले. नस्तालीक मात्र खिळ्यांना दाद देईना. तिची अक्षरे शेजारी पाहून रूप बदलतात आणि शब्द उजवीकडून डावीकडे तिरपा उतरत येतो. खिळे पाडण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले, पण वाचकाच्या डोळ्याला ते रुचले नाहीत.

९. म्हणूनच छपाईच्या युगात नागरी लिहिणारे हात मागे पडले आणि कातिब टिकला. १९३८ मध्ये अब्दुल हमीद अन्सारी यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘इन्किलाब’सारखी उर्दू दैनिके अनेक दशके हाताने लिहूनच छापली गेली. बातमी आली की कातिब ती रकान्यात बसवून लिहीत. ग्रंथांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, चित्रपटांची उर्दू नामावली ही सारी त्याच हातांची कामे.

१०. शेवट संगणकाने केला, पण त्याचीही सुरुवात बोरूनेच झाली. पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दरूपे स्वतः लिहून ‘नूरी नस्तालीक’ घडवली आणि १९८१ मध्ये लाहोरचे ‘जंग’ दैनिक तिच्यात निघाले. १९९० च्या दशकात ‘इनपेज’ ही संगणकप्रणाली भारतीय कचेऱ्यांत आली. दिवसभराचे लेखन तासाभरात होऊ लागले. मालकाचा खर्च वाचला, वाचकाला ताजी बातमी मिळाली. कातिबाची रोजी मात्र गेली.

११. रोजीबरोबर आणखी काय गेले, हे मोडीच्या उदाहरणावरून कळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जाई. ती थांबली आणि आज दफ्तरखान्यांत रुमालच्या रुमाल पडून आहेत, वाचणारे मोजके. नस्तालीकचे तसे होणार नाही. ती वाचणारे कोट्यवधी आहेत. तिथे संकट वेगळे आहे. लिपी राहील, पण ती हाताने घडवण्याची विद्या उस्तादाबरोबर जाईल.

१२. उर्दू भाषेच्या राष्ट्रीय परिषदेने सुलेखनाचे अभ्यासक्रम चालवले आहेत आणि हौशी तरुण पुन्हा बोरू छाटू लागले आहेत. नमुने आता भ्रमणध्वनीवरही मिळतात. पण बोरू किती अंशात धरायचा, वळणावर दाब कुठे सोडायचा, हे छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी शेजारी बसून अक्षरावर अक्षर काढून दाखवणारा माणूस लागतो. मुंबईच्या मराठी आणि उर्दू लेखकांनी एकेकाळी एकाच दगडावरून ग्रंथ छापले, ‘कित्ता’ हा शब्दही वाटून घेतला. मोडीच्या बाबतीत मराठी समाजाला जाग आली तेव्हा जाणकार विरळ झाले होते. कातिबांचे शेवटचे उस्ताद आहेत, तोवर त्यांच्यासमोर तख्ती घेऊन बसता येईल.