रुग्णाची किरणमात्रा : क्ष-किरण निदानाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

क्ष-किरणांच्या इतिहासात विल्हेल्म रॉन्टगेन यांचा १८९५ मधील शोध आणि त्यानंतरची उपकरणांची प्रगती यांवरच सहसा भर दिला जातो. तपासणीच्या वेळी रुग्णाच्या वाट्याला नेमकी किती मात्रा येते, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेतला आहे.

आरंभी हानी दिसली ती किरण हाताळणाऱ्यांची. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये कर्करोगाने मरण पावले. हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये उभारलेल्या स्मारकावर अशा १६९ जणांची नावे कोरली गेली. मोजमापाचे साधन म्हणजे मनुष्याची त्वचाच! आर्थर मुटशेलर यांनी १९२५ मध्ये सुचविलेली सुसह्य मात्रा म्हणजे त्वचा लाल होण्यास लागणाऱ्या मात्रेचा, ३० दिवसांतील, शंभरावा भाग होय. १९२८ च्या स्टॉकहोम परिषदेने 'रॉन्टगेन' हे एकक स्वीकारले. तरीही संरक्षणाची चिंता मुख्यतः डॉक्टर व तंत्रज्ञ यांचीच राहिली.

या समजुतीला धक्का दिला तो ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी. कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या मातांना त्यांनी गरोदरपणाविषयी बारीकसारीक प्रश्न विचारले. गरोदरपणी पोटाची क्ष-किरण तपासणी झालेल्या मातांच्या मुलांत हा धोका सुमारे दुप्पट असल्याचे त्यांनी १९५६ व १९५८ मध्ये मांडले. मातांच्या स्मरणशक्तीवर विसंबावे कसे, असा आक्षेप घेतला गेला. १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी रुग्णालयीन नोंदींवरून अशीच वाढ दाखविली, तेव्हा त्याची धार बोथट झाली. आमच्या मते हा आक्षेप अन्यायकारक होता; मात्रेची नोंद वैद्यकानेच ठेवली नव्हती, त्याचा दोष मातांच्या माथी मारला गेला.

आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने १९७७ मध्ये समर्थनीयता, इष्टतमीकरण व मात्रामर्यादा ही त्रिसूत्री मांडली. यांपैकी मर्यादा रुग्णाला लागू होत नाही. निदानास आवश्यक ती मात्रा द्यावीच लागते. म्हणून त्याच्या बाबतीत सारा भार पहिल्या दोन सूत्रांवर पडतो. पण मोजल्यावाचून इष्टतमीकरण कशाचे करणार?

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात २० रुग्णालयांत रुग्णांच्या त्वचेवर इवलेसे मात्रामापक चिकटवून पाहणी झाली. तिचा अहवाल १९८६ मध्ये निघाला. एकाच तपासणीसाठी निरनिराळ्या रुग्णालयांत मिळणाऱ्या मात्रांत कित्येक पटींची तफावत आढळली. फिल्म व पडद्यांचा वेग, किरणांची गाळणी, यंत्राची मांडणी अशा साध्या बाबी त्यामागे होत्या. पुढे रुग्णालयांच्या सरासरी मात्रा चढत्या क्रमाने लावून त्यांतील तीन-चतुर्थांश स्थानावरील मूल्य 'संदर्भ-मात्रा' मानले गेले. त्याहून अधिक मात्रा देणाऱ्या रुग्णालयाने कारण शोधावे, एवढीच अपेक्षा. २००० पर्यंत तेथील संदर्भ-मात्रा १९८० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आल्या.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. आपल्याकडे क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवर मात्रामापक बिल्ला असतो व त्याची तिमाही नोंद होते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पाकिटावर नाव, वय व दिनांक असतो. मात्रेचा आकडा सहसा नसतो.